पगारपत्रकावर नसलेली मॅडम

जळगावचा रिंग रोड, भुसावळचा जामनेर रोड, धुळ्याचा पारोळा रोड, कुठेही चक्कर मारा, दवाखान्यांच्या पाट्या एकाच साच्यातल्या दिसतील. वर सरांचं नाव, खाली मॅडमचं, आडनाव एकच. सर सर्जन नाहीतर एमडी मेडिसिन. मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ नाहीतर होमिओपॅथीची बीएचएमएस. खेड्यावरून आलेली बाई मात्र पाटी वाचत बसत नाही. काउंटरवर हात टेकवून ती आधी विचारते, 'डॉक्टरीण शे का?' डॉक्टरीण नसेल तर उद्या येते म्हणून परत जाते.

अशा जोडप्यांच्या दवाखान्यांचे हिशेब लिहिणं हा माझा धंदा. कोणाचे आकडे बाहेर काढणं धंद्याला शोभणारं नाही, म्हणून इथे फक्त पद्धत सांगतो. प्राप्तिकर कायद्यात एक कलम आहे, 1961 च्या कायद्यात ते 64 वं होतं. नवऱ्याने आपल्या धंद्यातून बायकोला पगार दाखवला, तर तो नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवून कर लावायचा, असं ते सांगतं. नाहीतर घरोघरी बायका कागदावर मॅनेजर झाल्या असत्या. पण त्याला अपवाद ठेवलाय. बायकोकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या ज्ञानाच्या-अनुभवाच्या बळावरच मिळत असेल, तर तो तिचा स्वतंत्र. डॉक्टर बायको या अपवादात बरोबर बसते. म्हणून खान्देशातल्या बहुतेक डॉक्टर जोडप्यांच्या फायलीत 'मॅडमचा पगार' नावाची नोंद सापडते.

हा आकडा ठरतो मार्च महिन्यात. मॅडमने वर्षभरात किती बाळंतपणं केली, किती रात्री जागल्या, ओपीडीतले किती पेशंट तिच्या नावावर आले, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. सरांचं उत्पन्न कराच्या कुठल्या टप्प्यात गेलंय आणि मॅडमच्या नावावर किती जागा शिल्लक आहे, एवढंच पाहायचं. मॅडम जिथे सांगू तिथे सही करते. बँकेचं खातं तिचं, मोबाइलवरचा ओटीपी सरांच्या फोनवर. तिच्या कामाची वेगळी किंमत आहे हे या घरात जर कोणी मान्य करत असेल तर ते प्राप्तिकर खातं, आणि तेही कर वाचवण्यापुरतं!

वैद्यकीय क्षेत्रात बाईला कमी पगार असतो असं म्हटलं की आपल्याकडे लोक चमकतात. मेडिकल ऑफिसरचा पगार बाईला वेगळा आणि पुरुषाला वेगळा थोडाच असतो? सिझेरियनचं पॅकेज डॉक्टरीण बघून कमी होतं का? दोन्ही बरोबर. सरकारी वेतनश्रेणीत स्त्री-पुरुष असा रकाना नाही. ठरलेल्या दरात फरक शोधाल तर हाती काही लागणार नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2022 मध्ये मिळून काढलेल्या अहवालात जगभरच्या आरोग्य आणि शुश्रूषा क्षेत्रात बायकांची कमाई पुरुषांपेक्षा सुमारे 24 टक्क्यांनी कमी निघाली. तीसुद्धा वय, शिक्षण, कामाचे तास यांचा हिशेब केल्यावर. या क्षेत्रात काम करणाऱ्यांत 67 टक्के बायकाच आहेत. इंग्लंडमध्ये तर डॉक्टरांचे पगार बहुतांशी सरकारी तक्त्याने ठरतात. तिथल्या 2020 च्या स्वतंत्र अहवालात हॉस्पिटलमधल्या महिला डॉक्टरांची मिळकत, पूर्णवेळ कामाच्या मापाने मोजूनही, 18.9 टक्के कमी होती. तक्ता एकच असून इतका फरक पडत असेल, तर आपल्याकडच्या खासगी दवाखान्यांत, जिथे तक्ताच नाही, तिथे काय असेल?

माझं म्हणणं असं की ही तफावत पगार ठरायच्या आधीच घडलेली असते. कुठलं काम पैशाचं आणि कुठलं घरचं, कुठलं कौशल्याचं आणि कुठलं मायेचं, ही वाटणी आधी होते. पगारपत्रक तिच्यावर नंतर शिक्का मारतं.

डॉक्टरांपासूनच बघू. मॅडमच्या ओपीडीवर दवाखाना उभा राहतो हे इथला कुठलाही मेडिकलवाला सांगेल. बायकांची तपासणी, बाळंतपणं, गर्भपिशवीची ऑपरेशनं हा छोट्या हॉस्पिटलचा रोजचा पैसा. पण जागा सरांच्या नावावर किंवा सासऱ्यांच्या, कर्ज सरांच्या नावावर, आयसीयूतल्या मशिनी सरांच्या नावावर. मॅडमची सही असते ती जामीनदार म्हणून. त्यामुळे पंधरा वर्षं प्रॅक्टिस करूनही बँकेच्या लेखी मॅडमचा स्वतःचा धंदा असा नसतोच. संसार सुरळीत असेल तोवर याने काही बिघडत नाही. फारकत झाली, किंवा सर अकाली गेले आणि दिरांनी जागेवर हक्क सांगितला, की मॅडम पंचेचाळिसाव्या वर्षी नव्या डॉक्टरसारखी भाड्याचा गाळा शोधते. 'घरचंच तर आहे' या तीन शब्दांची खरी किंमत तेव्हा कळते. बीएचएमएस किंवा आयुर्वेदाच्या बीएएमएस मॅडमची गत तर याहून वाईट. ती रिसेप्शन बघते, मेडिक्लेमचे कागद बघते, सिस्टरांच्या ड्युट्या लावते, औषधांचा स्टॉक मोजते, सर ऑपरेशनला असले की ओपीडी सांभाळते. बाहेरचा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, आणि एक मॅनेजर ठेवला तर दोन पगार लागतील. ते वाचतात, आणि ती बचत सरांच्या नफ्यात दिसते.

स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्या बायकांचं गणित वेगळं आहे. भूलतज्ज्ञ घ्या. तिला केसवर पैसे मिळतात आणि केसचा दर बाई-पुरुषाला एकच. पण रात्री दोनला फाटलेलं अपेंडिक्स आलं की सर्जन कोणाला फोन लावतो? 'मॅडमना कशाला त्रास' म्हणून पुरुष भूलतज्ज्ञाला. बोलणं सभ्यपणाचंच असतं. पण जो रात्री येतो त्यालाच सकाळच्या ठरलेल्या केसही मिळतात. हीच गोष्ट व्हिजिटची. जळगावचे तज्ज्ञ डॉक्टर आठवड्यातून एखादा दिवस चोपडा, यावल, रावेर, पाचोरा, अमळनेरला जाऊन बसतात. तिथे पेशंट तयार होतो आणि मोठ्या ऑपरेशनला जळगावला येतो. रात्री नऊला चोपड्याहून एकटीने गाडी चालवत परतायचं नाही असं घरात ठरलं, की ती सगळी मिळकत वजा.

आणि कट, म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन. यावर उघड कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. खेड्यातला डॉक्टर पेशंट कोणाकडे पाठवतो, हे इथे फक्त हाताच्या गुणावर ठरत नाही. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं दोन्ही निषिद्ध केलंय. 2017 मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही झाला. तो मसुदाच राहिला. हे संबंध जुळतात संध्याकाळनंतर. हिवाळ्यात तर शेताशेतात भरिताच्या पार्ट्या असतात: वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, कळण्याच्या भाकरी, आणि रात्री अकरापर्यंत गप्पा. भरिताबद्दल माझी तक्रार नाही, मी स्वतः जातो. तिथे डॉक्टरीण मात्र मी पाहिलेली नाही. ती त्या वेळी घरी मुलांचा अभ्यास घेत असते किंवा दवाखान्यात राउंडला. कट देणं चूकच. पण ज्या बाजारात पेशंट कटावर वाटला जातो, तिथे प्रामाणिक पुरुष डॉक्टर जितका मागे पडतो त्याहून बाई आणखी मागे पडते. तिला चुकीचं करायचंही आमंत्रण नसतं.

'बायका सोप्या शाखा निवडतात, मग कमी पैसे मिळणारच' असं म्हणणारे माझ्या ऑफिसात नेहमी भेटतात. स्त्रीरोग ही सोपी शाखा? बाळंतपणाला वेळ-काळ नसतो. अस्थिरोगातलं खुब्याचं ऑपरेशन उद्या सकाळवर ढकलता येतं. वेळी-अवेळी येणाऱ्या कामाला जास्त पैसा असा नियम खरा असता, तर स्त्रीरोगतज्ज्ञ सर्वांत श्रीमंत असती.

काळजीच्या नावाखाली कमाई कशी कापली जाते याचा ताजा दाखला खान्देशाबाहेरचा आहे. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात रात्रपाळीवरच्या डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने सुचवलं की महिला डॉक्टरांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये सरकारला खडसावलं: सुरक्षा देणं तुमचं काम, बायकांना रात्रीच्या कामातून वगळणं हा त्यावरचा उपाय नव्हे. आपल्याकडचे खासगी दवाखाने डॉक्टरणीच्या बाबतीत बंगालसारखं वागतात आणि सिस्टरच्या बाबतीत बरोबर उलटं. सिस्टरला रात्र चालते. बारा तासांची, कधी एकटीला दोन मजल्यांची. तिला घरी सोडायला गाडी नसते, म्हणून ती सकाळची पहिली एसटी येईपर्यंत ड्रेसिंग रूममध्ये बसून राहते.

सिस्टरचं दुखणं सर्वांत मोठं आणि सर्वांत गप्प. धुळे-जळगावच्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्या कितीतरी मुली नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगावच्या असतात. भिल, पावरा, मावची, कोकणी घरांतल्या. घरातली पहिली शिकलेली पोर, नर्सिंगचं दोन वर्षांचं एएनएम किंवा तीन वर्षांचं जीएनएम केलेली. वडील ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला. राहणं हॉस्पिटलच्याच वरच्या मजल्यावर, म्हणजे ड्युटी संपली तरी हाक मारली की खाली. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रं 'ऑफिसात जमा' करून घेतात. मालक याला शिस्त म्हणतात. मला ते गहाणवट वाटतं, आणि गहाण ठेवलेल्या कागदावर कोणी पगारवाढ मागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2016 मध्ये खासगी हॉस्पिटलांतल्या परिचारिकांच्या पगाराबद्दल केंद्राला समिती नेमायला लावलं. त्या समितीने साधं कोष्टक दिलं. 200 हून जास्त खाटा असतील तर पगार राज्य सरकारच्या परिचारिकेइतका. 100 ते 200 खाटांत तो जास्तीत जास्त 10 टक्के कमी चालेल, 50 ते 100 मध्ये 25 टक्के. आणि 50 खाटांच्या आतल्या दवाखान्यातही 20,000 रुपयांच्या खाली नको. खान्देशातले बहुतेक खासगी दवाखाने या शेवटच्या ओळीत बसतात. माझ्या टेबलावर येणाऱ्या पगारपत्रकांत, इतक्या वर्षांनंतर आणि इतक्या महागाईनंतरही, सिस्टरच्या नावासमोर 20,000 हा आकडा क्वचितच दिसतो. केरळात परिचारिकांनी संघटना करून, संप करून 2018 मध्ये तो किमान वेतनाच्या अधिसूचनेत आणला. आपल्याकडे समितीचं कोष्टक शिफारस म्हणूनच पडून आहे, आणि शिफारस मोडली म्हणून कुठला इन्स्पेक्टर येत नाही.

समान वेतनाचा कायदा इथे का चालत नाही? कारण तो तुलना मागतो. 1976 चा कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत गेलाय, पण भाषा तीच: सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम. सिस्टरसारखं काम करणारा पुरुष वॉर्डात नसेलच तर तुलना कोणाशी करायची? ही पळवाट जुनी आहे. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीनेही ती वापरून पाहिली होती. गोपनीय कामाच्या लघुलेखिका सगळ्या बायकाच आहेत, म्हणून पुरुष लघुलेखकांशी त्यांची तुलना होत नाही, असं कंपनीचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये ते उडवून लावलं. त्या जागेवर फक्त बायका आहेत कारण तुम्हीच त्या नेमल्यात. त्या पद्धतीच्या आड लपून तुम्हाला कमी पगार देता येणार नाही. भारताने 1958 मध्ये मान्य केलेला आंतरराष्ट्रीय करार तर याच्याही पुढचा आहे, तो समान मूल्याच्या कामाबद्दल बोलतो. मग विचारू या. तीन वर्षं शिकलेली, सलाइनचा थेंब मोजणारी, औषधाचा डोस चुकला तर पोलिस ठाण्यात जाणारी सिस्टर, आणि त्याच हॉस्पिटलचा अ‍ॅम्ब्युलन्स चालक किंवा एक्स-रे टेक्निशियन. यांच्या कामाचं मूल्य कोणी, कधी, कशाने मोजलं? मोजलेलंच नाही. सिस्टरला 'सेवाभाव' असतो एवढं गृहीत धरून तिचा पगार ठरलाय.

सेवाभावाचं टोक बघायचं तर सातपुड्यात जावं लागतं. आशाताईची योजना 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. आशा बाईच असली पाहिजे हे सरकारनेच ठरवलं, आणि ती कर्मचारी नसून स्वयंसेविका हेही सरकारनेच ठरवलं. या दोन गोष्टी एकाच कागदावर यायला योगायोग लागत नाही. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाने बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बघायचं: वजन, ताप, दूध ओढतंय का, नाळेला पू आहे का. ठरलेल्या फेऱ्या पूर्ण करून फॉर्म भरला की 250 रुपये. म्हणजे फेरीमागे बेचाळीससुद्धा पडत नाहीत. सपाटीवरच्या गावात हे अंतर दोन गल्ल्यांचं असतं. धडगाव-मोलगीकडे पाडे डोंगरभर विखुरलेले, एका घराहून दुसऱ्या घरी जायला नाला उतरून टेकडी चढायची, आणि नर्मदेच्या पाण्याकाठी तर आरोग्य खात्यालाच बोट-अ‍ॅम्ब्युलन्स ठेवावी लागते. फेरीचा भाव तोच.

2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांना सन्मान दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, जानेवारीत पुन्हा गेल्या, तेव्हा कुठे मार्च 2024 मध्ये राज्याने महिन्याला 5,000 रुपये वाढवले. वाढ मिळाली, दर्जा नाही. भारतीय श्रम परिषदेने 2013 मध्येच शिफारस केली होती की अंगणवाडी, आशा, पोषण आहार अशा योजनांतल्या बायकांना कामगार माना आणि किमान वेतन द्या. कामगार मानलं की भविष्य निर्वाह निधी आला, प्रसूती रजा आली. दुसऱ्यांच्या बाळंतपणासाठी रात्री-बेरात्री धावणाऱ्या आशेला स्वतःच्या बाळंतपणाची पगारी रजा नाही, हे मंत्रालयात कोणाला विचित्र वाटत नसावं.

माझे बरेच डॉक्टर पक्षकार हा लेख वाचून फोन करतील, तेव्हा त्यांचं म्हणणं आधीच मांडतो. त्यातलं पहिलं बाळंतपणाच्या रजेचं. 2017 पासून 26 आठवडे भरपगारी रजा द्यावी लागते, आणि तो सगळा बोजा कायद्याने मालकावर टाकलाय. दहाच्या आत माणसं असतील तर तो लागूच नाही. म्हणून कोणी दहावं माणूस पगारपत्रकावर घेत नाही, आणि कोणी नुकतं लग्न झालेल्या सिस्टरला घेत नाही. हे दुखणं खरं आहे, मालकांच्या बाजूने मी मान्य करतो. पण कामगार विमा योजना, म्हणजे ईएसआयसी, जिथे लागू आहे तिथे 21,000 पर्यंत पगार असणाऱ्या बाईच्या रजेचा पगार महामंडळ देतं, मालक नाही. दर महिन्याची वर्गणी भरायची, एवढंच. ती टाळण्यासाठी निम्मा स्टाफ पगारपत्रकाबाहेर, नुसत्या व्हाउचरवर ठेवायचा आणि मग बाळंतपण परवडत नाही म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

दुसरं म्हणणं पैशाचं. खेड्यातला पेशंट बिलात घासाघीस करतो, कापसाला भाव नसला की उधारी वाढते, सरकारच्या फुले आरोग्य योजनेचे पैसे उशिरा येतात. सगळं खरं. तरी कागदावर मांडू. समजा 20 खाटांचा दवाखाना, सरासरी 12 खाटा भरलेल्या, म्हणजे महिन्याला 360 खाट-दिवस. सहा सिस्टर, प्रत्येकीला 8,000 वाढवले तर 48,000. एका पेशंटमागे एका दिवसाला 133 रुपये. ज्या दवाखान्याला 133 रुपये जड जातात, त्याने मला पेशंट पाठवणाऱ्यांना दिलेले लिफाफे एका महिन्यापुरते वहीत लिहून दाखवावेत. मग आपण परवडण्याबद्दल बोलू.

तिसरी तक्रार सगळ्यांचीच: सिस्टर टिकत नाहीत. शिकवून तयार करावं आणि सहा महिन्यांत सुरतला, नाशिकला, पुण्याला निघून जातात. जातीलच. नवापूरहून सुरतची गाडी थेट आहे आणि तिकडचा पगार तिला मैत्रिणीने फोनवर सांगितलेला असतो. इथे हॉस्पिटलच्या गेटवर 'सिस्टर पाहिजेत, राहण्याची सोय' असा फ्लेक्स लागतो, आणि त्यावर शिक्षण, अनुभव, वेळ, मोबाइल नंबर सगळं असतं. पगाराचा आकडा तेवढा नसतो. एका महिन्यापुरता तो लिहून बघावा, मोठ्या अक्षरात, आणि ब्रदरचा, म्हणजे पुरुष परिचारकाचा, फ्लेक्स लावला तर त्यावरही तोच लिहावा.